कोरड्या नदीतला बेपत्ता

हॅम रेडिओचा परवाना खरं तर माझ्या नवऱ्याला हवा होता. पुसदला आमचं दुकान आहे. अर्ध्या भागात तो जळालेल्या पंपांच्या मोटारी उघडून नवी तार भरतो, उरलेल्या अर्ध्यात मी साड्यांना फॉल-पिको करते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी गावात हॅम क्लब काढला, तेव्हा पहिला सभासद तोच झाला. हॅम म्हणजे हौसेखातर स्वतःचं वायरलेस चालवणारी माणसं. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि घरी बसून जगाशी बोलायचं. मध्ये टॉवर नाही की इंटरनेट नाही. परीक्षा नागपूरला होती. एकट्यानं जायला नको म्हणून त्यानं माझाही अर्ज भरला. मी अभ्यास केला तो त्याला प्रश्न विचारण्यापुरता. निकाल आला तेव्हा मी पास होते आणि तो नापास.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग वायरलेसचा संच आला, आणि बोलल्याशिवाय भागेना. कारण परवाना ज्याचा, बोलण्याचं बटण त्यानंच दाबायचं, असा नियम. संच त्यानं जोडला, छतावरून पिंपळापर्यंत तार त्यानं ओढली, आणि खुर्चीवर बसले मी. तो माझ्या खांद्यामागं उभा राहून सांगायचा, "हवामान इचार त्याले. अँटेना कोनती वापरते, इचार." मी विचारायचे. एकदा केरळचे एक गृहस्थ इंग्रजीतून म्हणाले, की तुमचा आवाज सुरेख येतो, फक्त मागं कसली तरी खरखर आहे. ती खरखर म्हणजे माझा नवरा. पुढं सगळ्या देशात आमच्या केंद्राची तीच ओळख झाली.

काकांचं म्हणणं होतं, की क्लबनं नुसत्या गप्पा मारायच्या नाहीत, लोकांच्या उपयोगी पडायचं. म्हणून आम्ही सायकल स्पर्धेला गेलो. ठिकठिकाणी हातात मावणारे वायरलेस घेऊन उभे राहिलो आणि कोणता स्पर्धक कुठं पोचला ते काकांना कळवत राहिलो. काकांच्या शेजारी स्पर्धकांच्या आया बसल्या होत्या आणि त्या पोरांना मोबाईलवर व्हिडिओतून बघत होत्या. काका घोषणा करायचे, "पहिला स्पर्धक पुलावर आला!" आणि एखादी आई म्हणायची, "पूल तं कवाचाच गेला जी, आता रसवंतीवर रस पिऊन राह्यला." तरी काका दमले नाहीत. खरं संकट येईल तेव्हा टॉवर आडवे होतील आणि आपणच उभे राहू, असं ते प्रत्येक बैठकीत सांगायचे.

संकट काही येईना. शेवटी एका सरकारी खात्याच्या साहेबांनी ते आणायचं ठरवलं.

नदीकाठच्या एका गावात पुराचा सराव घ्यायचा होता. पूर आला आहे असं समजायचं, लोकांना बाहेर काढायचं, जखमींना पट्ट्या बांधायच्या, हरवलेल्यांना शोधायचं. वायरलेसचं काम आमच्या क्लबकडं आलं. काकांना इतका आनंद झाला, की त्यांनी आम्हा सगळ्यांना पांढऱ्या टोप्या शिवायला सांगितल्या. त्या अर्थातच मीच शिवल्या. फक्त सराव ठरला भर मे महिन्यात, कारण साहेबांना त्यानंतर वेळ नव्हता. नदीत पोरं क्रिकेट खेळत होती.

बोट मात्र आली. ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवली होती. नदीत पाणी नाही म्हणून ती ट्रॉलीवरच राहील, आणि लोकांनी ट्रॉलीवर चढून मग बोटीत बसावं, असं साहेबांनी समजावलं. सरपंचांनी शंका काढली, की नुसत्या ट्रॉलीतच बसलं तर काय होईल? साहेब म्हणाले, "मग तो बचाव होणार नाही. ती वाहतूक होईल."

पुरात टॉवर बंद पडतात, म्हणून सगळ्यांचे फोन बंद करून घेतले. लोक चोरून वापरतील या भीतीनं फोन एका गोणीत भरले आणि गोणी साहेबांच्या जीपमध्ये ठेवली. मग बुंदी आणायची राहिली आहे असं कळलं, म्हणून जीप बुंदी आणायला गेली. ड्रायव्हरचा फोनही त्याच गोणीत होता.

शाळेच्या व्हरांड्यात भूमिका वाटल्या. पूरग्रस्त व्हायला गर्दी उसळली, कारण पूरग्रस्तांना बोटीत बसायला मिळणार होतं आणि मसालेभात आधी मिळणार होता. ज्यांना ते मिळालं नाही ते चिडले. "आमचं घर त्याह्यच्याहून खाली हाये, मंग आमी कोरडे कसे?" असं एक बाई साहेबांना विचारत होत्या, आणि साहेब यादी उलटीपालटी करत होते. जखमी व्हायला एक आजी तयार झाल्या, पण पट्टी बघितल्यावर म्हणाल्या, डाव्या पायाला बांधा, उजवा खरंच दुखून राह्यला, त्याले हात लावजा नोका.

बेपत्ता व्हायला मात्र कोणीच तयार होईना. कोणाची बायको नको म्हणे, कोणाची आई. भरल्या घरातून बेपत्ता व्हायचं म्हणजे काय! तेवढ्यात मागून एक माणूस पुढं आला. पन्नाशीचा असेल. भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या सगळं पांढरं. पिठाच्या चक्कीचा मालक. गावाला लागून असलेल्या तांड्यावर राहायचा. दोन्हीकडचं दळण त्याच्याकडं यायचं, आणि चक्की म्हटली की सणवार नाही, लग्नकार्य नाही. तो कधी गावाबाहेर गेलेला कोणाच्या आठवणीत नव्हता.

"मी होतो बेपत्ता," तो म्हणाला. "कुठवर व्हायचं साहेब?"

साहेब ट्रॉलीकडं बघत होते, तिथं दोन पूरग्रस्तांची जागेवरून जुंपली होती. ते म्हणाले, "सापडेपर्यंत."

"कोनाले सांगू का?"

"कोणाला सांगितलं तर बेपत्ता कसे?"

त्यानं मान डोलावली आणि गेला. शाळेमागच्या आंब्याखाली जाऊन बसायचं आहे, हे त्याला सांगायचं काम साहेबांच्या कारकुनाचं होतं. कारकुनाला वाटलं साहेबांनी सांगितलं. हे सगळं नंतर कळलं.

माझ्या नवऱ्यानं शाळेच्या झेंड्याच्या खांबापासून कडुनिंबापर्यंत तार बांधली, गावातल्या दुसऱ्या एका ट्रॅक्टरची बॅटरी काढून संचाला लावली, आणि मी टोपी घालून बसले. काका पुसदला घरून नियंत्रण कक्ष चालवत होते. त्यांची सक्त ताकीद होती, की प्रत्येक निरोपाआधी तीनदा "सराव, सराव, सराव" म्हणायचं, नाहीतर देशभर घबराट होईल.

देवळाच्या भोंग्यावरून पूर आल्याची घोषणा झाली. ट्रॉली निघाली. बोटीतल्या बायका पोरांना उगाच घट्ट धरून बसल्या होत्या आणि नदीतल्या क्रिकेटवाल्या पोरांनी वाट करून दिली. जखमी आजींनी चहा आल्याशिवाय खाटेवरून उठायला नकार दिला, तेव्हा त्यांना खाटेसकट उचललं. मी सगळं कळवत होते. सराव, सराव, सराव, आजी सुरक्षित स्थळी, चहा दिला, ओव्हर.

मग शोध पथक बेपत्ता माणसाला शोधायला आंब्याखाली गेलं. आंब्याखाली एक बकरी होती.

साहेब खूश झाले. "छान लपला आहे. अगदी खऱ्यासारखं." पथक पुन्हा निघालं. विहिरीत बघितलं, कापसाच्या गोडाऊनमध्ये बघितलं, नदीच्या कपारीत बघितलं. भात झाला, भांडी घासून झाली, तरी तो सापडला नाही. चक्कीसमोर दळणाचे डबे घेऊन बायकांची रांग लागली होती आणि त्या सगळ्या साहेबांना दोष देत होत्या.

त्याची बायको सुरुवातीला निवांत होती. "जेवाले येतीन," म्हणाली. तो जेवायला आला नाही तेव्हा ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. नुसती संचाकडं बघत राहिली.

साहेब आता घामेघूम झाले होते. अहवालात "सर्व सुखरूप" असं लिहिल्याशिवाय सराव संपत नव्हता. पोलिसांत जावं तर काय सांगायचं, की आम्ही एका माणसाला हरवायला सांगितलं आणि तो हरवला? त्यांनी हळू आवाजात तोडगा काढला. दुसरा कोणी तरी आंब्याखाली बसवू आणि तो सापडला असं दाखवू.

बायकोनं ते ऐकलं. "अन् मंग माह्यावाला कोन शोधन?"

साहेब खाली बसले.

तिच्या डोक्यात तेव्हा एक गोष्ट आली. मारेगावला त्याची बहीण होती. किती वर्षांत भेट नव्हती. नंबर त्याच्या फोनमध्ये, आणि फोन गोणीत, आणि गोणी बुंदीबरोबर. मारेगाव जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. हातातल्या वायरलेसचं ते काम नव्हतं, पण मोठ्या संचावरून वणीजवळच्या राजूरला आमचे एक सभासद लागायचे. कोळशाच्या खाणीत क्रेन चालवतात. सकाळची पाळी संपली की दुपारी रेडिओवर येतात आणि जय भीम करून सगळ्यांची विचारपूस करतात. त्यांना आम्ही भाऊच म्हणतो.

मी हाक दिली. भाऊ लगेच आले.

"सराव, सराव, सराव," मी म्हटलं. "एक माणूस बेपत्ता आहे. मारेगावला बहिणीकडं असण्याची शक्यता. शोध घ्यावा. ओव्हर."

"जय भीम वहिनी. शोध घेतला. सापडला. ओव्हर."

"अहो, शोध घेतला कसा? तुम्ही तर घरीच आहात!"

"सरावच हाये ना वहिनी. मी बी सरावातच शोधला. ओव्हर."

"नाही, तो खरंच बेपत्ता आहे."

"मंग सराव काहून म्हनता?"

"सरावातच बेपत्ता झाला. पण खरा झाला."

मध्येच काकांचा आवाज आला, की नियमाप्रमाणं वाक्याच्या आधी सराव आला नाही. तोपर्यंत आणखी लोक गोळा झाले होते. भोपाळहून एका गृहस्थांनी पाणी धोक्याच्या पातळीच्या किती वर आहे ते विचारलं. मी हिंदीत सांगितलं, नदी सूखी है. ते म्हणाले, "फिर आदमी बहा कैसे?" हैदराबादचे कोणी अन्नाची पाकिटं पाठवायला तयार होते. मी सराव म्हटलं की भाऊ घरबसल्या शोधायचे, सराव नाही म्हटलं की हैदराबादची पाकिटं निघायची.

आणि मग माझ्या खांद्यामागून एक हात आला. नवऱ्यानं माईक घेतला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं बोलला.

"भाऊ, खरंच गेला ना तो मानूस! बायको उभी हाये इथं. जा ना बापा मारेगावले!"

मग केरळचे गृहस्थ इंग्रजीत म्हणाले, अरे, ही तर ती खरखर! काका नियमाबद्दल काही म्हणणार होते, पण त्यांचा आवाज अर्ध्यातच थांबला. भाऊ एवढंच म्हणाले, "निघालो," आणि मोटारसायकलवर गेले.

पुढचं भाऊंनी आम्हाला नंतर इतक्यांदा सांगितलं आहे, की मी तिथं होते असंच वाटतं. बहिणीचं घर शोधायला फार वेळ लागला नाही. बहीण म्हणाली, हो, आलता ना, जेवला, लय गोष्टी सांगितल्या, आता स्टँडकडं गेला. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस तोंडाला रुमाल बांधून बसला होता. रुमालाच्या वर पांढऱ्या भुवया.

भाऊ म्हणाले, "चला. सापडले तुमी."

त्यानं भाऊंना वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी पथकातले का? कार्ड दाखवा."

भाऊंनी हॅमचा परवाना काढला. त्यानं तो उलटसुलट करून बघितला, फोटो आणि तोंड ताडून पाहिलं. समाधान झालं. मग म्हणाला, की वायरलेसवर सांगा. भाऊ म्हणाले, वायरलेस राजूरला घरी आहे, इथून काकांना साधा फोन लावतो. तो मान हलवायला लागला. "साहेबानं टावर बंद केले हायेत. फोनवर सापडलो तं ते धरनार नाहीत." भाऊंनी पुष्कळ समजावलं. शेवटी त्याला मोटारसायकलवर मागं बसवून राजूरला नेलं, सापडवण्यासाठी.

इकडं आमचं ऊन कलायला लागलं होतं. सगळं गाव शाळेच्या मैदानात बसलं होतं, बोटीतले पूरग्रस्तसुद्धा. संचातून भाऊंचा आवाज आला, तेव्हा कोणीतरी शिट्टी मारली आणि बाकीच्यांनी त्याला दटावलं. भाऊ म्हणाले, पार्टी हजर आहे, बोला. मी माईक चक्कीवाल्याच्या बायकोच्या हातात दिला, बटण मात्र मीच दाबलं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "काय म्हनू?" मी म्हटलं, काहीही म्हणा, शेवटी ओव्हर म्हणा.

"कुठी हा तुमी? ओव्हर."

"राजूरले. ओव्हर."

"राजूरले कायले गेलते?"

"सापडाले."

मैदानात हशा पिकला. ती हसली नाही. "दळन अडून राह्यलं सगळ्याईचं. ओव्हर."

"आज राहू दे. ओव्हर."

मग तिच्या तोंडून त्यांची बंजाऱ्यांची गोरबोली सुरू झाली, हळू आवाजात आणि भराभर. तिकडून तो बोलला. पुन्हा ती. मला एक अक्षर कळलं नाही. तांड्यावरच्या बायकांना कळत होतं. एकीनं पदर तोंडाला लावला आणि दुसरी जमिनीकडं बघू लागली. तेवढ्यात काका आले, "ही कोणती भाषा आहे? सांकेतिक भाषा नियमात चालत नाही!"

मी म्हटलं, "काका, नवराबायकोची आहे. ओव्हर."

बोलणं संपल्यावर तिनं माईक टेबलावर नीट ठेवला आणि मराठीत मला सांगितलं, "आजची रात बहिनीकडं राह्यतीन ते. भाऊ सोडून देतीन. मी राहा म्हनलं." साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सर्व सुखरूप. जीपही आली, बुंदी घेऊन. गोणी उघडली, फोन चालू केले आणि सगळ्या मैदानात ते एकदम वाजायला लागले.

राहता राहिलं दळण. घराघरांत पीठ संपलं होतं. सरपंचांनी सगळे डबे आणि पोती ट्रॉलीवरच्या बोटीत भरली आणि ट्रॅक्टर शेजारच्या गावच्या चक्कीवर पाठवला. साहेब बघत होते. ती वाहतूक आहे असं ते काही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो बसनं परतला. पुढं कितीतरी दिवस लोक दळण घेऊन गेले की त्याला विचारायचे, कसं वाटलं गा बेपत्ता होऊन? तो चक्कीच्या आवाजातून ओरडून सांगायचा, "लय शोधलं मले! भोपाळपर्यंत शोधलं!" आम्हाला क्लबकडून प्रशस्तिपत्र मिळालं. नवऱ्यानं पुन्हा परीक्षेचा अर्ज भरला आणि पुन्हा नापास झाला. काकांनी त्याला त्या दिवसाबद्दल कधीच काही विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सराव ठरला. या खेपेला बेपत्ता व्हायला निम्मं गाव तयार होतं. सरपंचांना मध्यस्थी करावी लागली, आणि मान मिळाला चक्कीवाल्याच्या बायकोला. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की यंदा मी, अन् चक्की ते पाह्यतीन. पण साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांना पुराचं काही वाटत नव्हतं, आणि सराव रद्द झाला. आम्हाला तसा निरोप आला. मी टोप्या धुवून ठेवून दिल्या.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होते, तर ती समोर उभी. हातात पिशवी, अंगावर नवी साडी.

"सराव रद्द झाला ना हो," मी म्हटलं. "कोणी सांगितलं नाही का?"

"सांगतलं." ती आत आली, चपला काढल्या आणि कापडाच्या गठ्ठ्यांकडं बघू लागली. "पन मी घरून निंगालीच होती."

मी तिला चहा केला. तिनं दुकानभर फिरून सगळ्या साड्यांना हात लावून बघितला, नवऱ्याच्या मोटारी बघितल्या, दुपारी आमच्याबरोबर भाकरी आणि तुरीच्या दाण्यांची आमटी खाल्ली. मग मी तिला आतल्या खोलीत कूलरसमोर सतरंजी टाकून दिली. पडल्या पडल्या तिला झोप लागली. दुपार गेली, गिऱ्हाइकं आली आणि गेली, नवरा दोनदा डोकावून गेला. मी मशीन हळू चालवत होते.

चारच्या चहाला मी आत गेले, तेव्हा तिनं डोळे उघडले आणि छताकडं बघत विचारलं, "कोनी शोधलं काय मले?"

"अजून तरी नाही," मी म्हटलं.

"बरं हाये," ती म्हणाली, कुशीवर वळली आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला.